मागे पडलेले सोल गायक आणि त्यांच्या दुर्मीळ रेकॉर्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चच्या गाण्यातून उगवलेलं संगीत. त्यातली ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, सॅम कुक ही नावं बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. त्याच काळात, त्याच गावांत, कधी कधी त्याच वादकांसोबत गाणारे जेम्स कार, ओ. व्ही. राइट, बेटी हॅरिस, हॉवर्ड टेट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. आवाज कमी पडला म्हणून हे मागे राहिले असं अजिबात नाही. त्यांचा आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः सात इंची, एका बाजूला एकच गाणं असलेल्या ‘सिंगल’ रेकॉर्डमुळे आणि त्या जपून ठेवणाऱ्या माणसांमुळे. सुरुवातीच्या सोलच्या अशा रेकॉर्ड जमवण्याच्या छंदाकडे वळू पाहणाऱ्या मराठी श्रोत्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

‘सुरुवातीचं सोल’ म्हणजे नेमका कोणता काळ?

ढोबळमानाने १९५४ ते १९६८. रे चार्ल्सने १९५४च्या शेवटी एका गॉस्पेल गाण्याच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीताच्या चालीवर ‘आय गॉट अ वुमन’ बांधलं, आणि चर्चमध्ये देवासाठी लागणारा आवाज प्रेमाच्या गाण्यात लागला. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पाहायचं असेल तर मिटी कॉलियर ऐका. जेम्स क्लीव्हलंडच्या गॉस्पेल गाण्यात काल रात्री देवाशी बोलणं झालं असं म्हटलं आहे. १९६४ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीसाठी मिटीने तीच चाल घेतली आणि ‘देव’च्या जागी ‘माझा माणूस’ आला. बाकी सगळं चर्चमधलंच राहिलं : ती सावकाश चढत जाणारी लय, ओळ संपल्यावरचा श्वास, मागचा ऑर्गन. पुढे ती स्वतः धर्मोपदेशक झाली.

हा काळ १९६८च्या आसपास संपतो असं मानतात, कारण त्यानंतर ठेक्यावर भर देणारं फंक संगीत आणि मोठ्या एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमच्या तबकड्या, यांचं युग सुरू झालं. रेषा अर्थातच पक्की नाही.

हे गायक मागे का पडले?

प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे, पण मुळाशी बहुतेकदा व्यवहार आहे. त्या काळी अमेरिकेत गावोगावी छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या होत्या. एखाद्या दुकानदाराने किंवा गाण्याचं वेड असलेल्या विक्रेत्याने पाचशे-हजार प्रती छापायच्या, गाडीच्या डिकीत घालून रेडिओ केंद्रांवर आणि ज्यूकबॉक्सवाल्यांकडे (नाणं टाकून गाणं लावायची यंत्रं चालवणाऱ्यांकडे) फिरायचं. गाणं चाललं नाही तर पैसे बुडाले. चाललं तर संकट आणखी मोठं, कारण हजारो प्रती उधारीवर छापून घ्याव्या लागत आणि वितरक त्यांचे पैसे महिनोन्‌महिने देत नसत. एखादं गाणं गाजल्यामुळेच दिवाळखोरीत गेलेली लेबलं आहेत. लेबल बुडालं की गायकही गेला.

मेम्फिसचं गोल्डवॅक्स हे लेबल घ्या. क्विंटन क्लाँच आणि रुडॉल्फ रसेल यांनी ते १९६४ मध्ये सुरू केलं. एका रात्री उशिरा रूझवेल्ट जेमिसन नावाचा माणूस दोन गायकांना आणि एका टेपरेकॉर्डरला घेऊन क्लाँचच्या दारात उभा राहिला, असं सांगितलं जातं. जेमिसन रक्तपेढीत काम करत असे आणि गाणी लिहीत असे. ते दोन गायक होते जेम्स कार आणि ओ. व्ही. राइट. जेमिसनचं ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ राइटने गोल्डवॅक्ससाठी गायलं. ते बाहेर येतं न येतं तोच ओटिस रेडिंगने ते गायलं, आणि जगाने त्याचंच लक्षात ठेवलं. वर ह्यूस्टनच्या डॉन रोबी या लेबलमालकाने दावा केला की राइट गॉस्पेल गायक म्हणून आधीच आपल्याशी करारबद्ध आहे. राइट गोल्डवॅक्समधून गेला, रोबीच्या बॅक बीट लेबलवर गायला, आणि १९८० मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी वारला.

जेम्स कारचं दुखणं मनाचं होतं. १९६७चं ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी लिहिलं. पुढे कितीतरी गायकांनी ते गायलं, कारच्या जवळपास कोणी पोहोचलं असं मला वाटत नाही. पण नैराश्याने त्याला स्टुडिओत उभं राहणंही अवघड करून टाकलं. २००१ मध्ये तो मेम्फिसमध्ये वारला.

आर्थर अलेक्झांडरची कथा आणखी चटका लावते. बीटल्स, रोलिंग स्टोन्स आणि बॉब डिलन या तिघांनीही ज्याची गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली असा हा अलाबामाचा माणूस. त्याच्या ‘यू बेटर मूव्ह ऑन’च्या कमाईतून तिथल्याच मसल शोल्स गावातला फेम स्टुडिओ नव्या जागेत उभा राहिला. अलेक्झांडर स्वतः मात्र नंतर क्लीव्हलंडमध्ये बस चालवत होता. १९९३ मध्ये नवा अल्बम आला, लोक पुन्हा ऐकू लागले, आणि त्याच वर्षी तो गेला.

या सगळ्यामागे वंशभेदाची भिंत होतीच. कृष्णवर्णीय गायकाचं गाणं कृष्णवर्णीयांच्या रेडिओवर वाजायचं. गोऱ्या गायकाने तेच गायलं की देशभर. लिटल विली जॉनचं ‘फीवर’ १९५६चं आहे. बहुतेकांना ते १९५८च्या, गोऱ्या पेगी लीच्या आवाजात माहीत असतं. विली जॉन १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगात मरण पावला, तिशी पार केली त्याला फार दिवस झाले नव्हते.

एखादी रेकॉर्ड इतकी दुर्मीळ कशी होते?

बहुतेक वेळा कारण साधं असतं : ती विकली गेली नाही. न खपलेल्या प्रती परत गेल्या, वितळवल्या गेल्या किंवा कुठल्यातरी गोदामात भिजल्या. काही वेळा मात्र रेकॉर्ड दुकानात पोहोचलीच नाही.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रँक विल्सनच्या ‘डू आय लव्ह यू’चं. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ या उपलेबलने प्रसिद्धीसाठी थोड्या प्रती छापल्या. मग प्रकाशन रद्द झालं, प्रती नष्ट केल्या गेल्या आणि विल्सन गाणं सोडून निर्माता झाला. वाचलेल्या प्रती एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यांतली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली.

दुसरं उदाहरण अधिक शिकवणारं आहे. डॅरेल बँक्सचं ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ १९६६ मध्ये अमेरिकेत गाजलं. रेव्हिलॉट लेबलची ती अमेरिकन प्रत आजही सहज मिळते. पण ब्रिटनमध्ये ‘लंडन’ नावाच्या लेबलने ती काढायची ठरवली आणि हक्क दुसऱ्याच कंपनीकडे गेल्यामुळे ती मागे घ्यावी लागली. त्या मागे घेतलेल्या छपाईची एक प्रत २०१४ मध्ये १४ हजार पौंडांच्या वर गेली. गाणं तेच, आवाज तोच. फरक फक्त लेबलच्या कागदाचा.

वॉशिंग्टन शहरातलं श्राइन हे लेबल संग्राहकांमध्ये जवळजवळ दंतकथा बनलं आहे. साठच्या दशकाच्या मध्यात ते जेमतेम काही वर्षं चाललं. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८ मध्ये शहरात दंगली उसळल्या, तेव्हा त्याचा उरलासुरला साठा जळाला असं सांगतात.

दुर्मीळ रेकॉर्ड म्हणजे चांगली रेकॉर्ड का?

नाही. हे सुरुवातीलाच मनाशी पक्कं केलं तर पैसे वाचतात आणि कानही शाबूत राहतात.

या बाजारात किंमत ठरते नाचावरून. ज्याच्यावर नाचता येतं असं जलद गाणं आणि हाताशी थोड्याच प्रती, असं जुळलं की किमती आभाळाला भिडतात. संथ, काळीज पिळवटणारी ‘डीप सोल’ गाणी तुलनेने स्वस्त आहेत. जेम्स कारच्या गोल्डवॅक्सवरच्या कितीतरी सिंगल्स, ओ. व्ही. राइटच्या बॅक बीटवरच्या सिंगल्स, अर्मा थॉमसच्या इम्पीरियलवरच्या सिंगल्स आजही काही हजार रुपयांत चांगल्या अवस्थेत मिळतात. माझ्या मते या संगीतातलं सर्वोत्तम इथेच आहे, आणि ते सामान्य पगारदार माणसाच्या आवाक्यात आहे. ही गोष्ट कोणी ठळकपणे सांगत नाही, कारण लिलावाच्या बातम्या त्यावरून होत नाहीत.

अमेरिकेतल्या या गाण्यांत इंग्लंडचं नाव सारखं का येतं?

कारण उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांतल्या तरुणांनी हे संगीत मरू दिलं नाही. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील क्लब, स्टोकजवळचा गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूलचा मेक्का, आणि १९७३ ते १९८१ चाललेला विगन कसिनो, इथे नाच चालायचे, बहुतेक ठिकाणी रात्रभर. विगनला तर दारूही नाही, फक्त अमेरिकेत पडलेल्या जुन्या सोल सिंगल्स. लंडन आणि दक्षिणेकडच्या मंडळींना फंक हवं होतं, उत्तरेकडच्यांना साठच्या दशकातला जोरकस ठेका. लंडनमध्ये सोल सिटी नावाचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनने या आवडीला १९७०च्या सुमारास ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं. ‘डीप सोल’ हे नावही त्याचंच.

क्लबांत चढाओढ असायची ती दुसऱ्याकडे नसलेल्या रेकॉर्डची. डीजे अमेरिकेतल्या गोदामांत जाऊन पोतीच्या पोती उपसायचे. ग्लोरिया जोन्सचं १९६५चं ‘टेंटेड लव्ह’ असंच रिचर्ड सर्लिंगने १९७३ मध्ये तिकडून आणलं. अमेरिकेत ते एका न चाललेल्या सिंगलच्या मागच्या बाजूला पडून होतं. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने ते गायलं आणि ते जगभर वाजलं.

हाती लागलेली रेकॉर्ड इतरांना ओळखता येऊ नये म्हणून डीजे रेकॉर्डच्या मध्यावरच्या लेबलवर कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटं नाव सांगायचे. फ्रँक विल्सनचं गाणं काही काळ एडी फॉस्टरच्या नावाने वाजत होतं. या प्रथेबद्दल मला आजही वाईट वाटतं. आधीच नाव हरवलेल्या गायकाचं उरलेलं नावही काढून घेतलं जात होतं. पण त्याच लोकांनी ती रेकॉर्ड वितळण्यापासून वाचवली, हेही तितकंच खरं आहे.

सुरुवात कोणत्या गायकांपासून करावी?

गावं धरून ऐकत गेलात तर वाट लवकर सापडते, कारण प्रत्येक गावाचे वादक वेगळे आणि म्हणून गावाचा आवाज वेगळा.

मेम्फिससाठी जेम्स कार, ओ. व्ही. राइट आणि त्यांचा तिसरा साथीदार स्पेन्सर विगिन्स. अलाबामातल्या मसल शोल्ससाठी आर्थर अलेक्झांडर आणि जिमी ह्यूज. ह्यूजचं १९६४चं ‘स्टील अवे’ संथ आहे, पण त्यातली आर्जवं ऐकताना बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होतं.

न्यू ऑर्लिन्सकडे जरा जास्त वेळ द्या. तिथल्या ॲलन टुसाँ या पियानोवादकाने साठच्या दशकातल्या किती गायकांची गाणी लिहिली आणि बसवली याची यादी लांबलचक होईल. अर्मा थॉमसचं १९६२चं ‘इट्स रेनिंग’ त्याचंच. पावसाचं आणि विरहाचं इतकं साधं गाणं दुसरं सापडणं कठीण. तिच्या ‘रूलर ऑफ माय हार्ट’वरून ओटिस रेडिंगचं ‘पेन इन माय हार्ट’ आलं. तिने गायलेलं ‘टाइम इज ऑन माय साइड’ रोलिंग स्टोन्सनी उचललं. तिला स्वतःला ग्रॅमी मिळालं ते २००७ मध्ये. टुसाँच्याच सॅन्सू लेबलवर बेटी हॅरिसच्या साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या सिंगल्स आहेत. तिच्या मागे वाजवणारे तरुण पुढे ‘द मीटर्स’ म्हणून प्रसिद्ध झाले. १९७०च्या आसपास तिने गाणं थांबवलं आणि संसाराकडे वळली. या एका लेबलचा संच जमवायचा ठरवलात तरी काही वर्षं आनंदात जातील.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या बाजूला गार्नेट मिम्स, लोरेन एलिसन, हॉवर्ड टेट. तिघांच्याही मागे जेरी रॅगोव्हॉय हा निर्माता. रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनची ‘क्राय बेबी’ आणि ‘गेट इट व्हाइल यू कॅन’ ही गाणी आवडत असतील तर पहिलं आधी मिम्सचं आणि दुसरं टेटचं ऐका. डेट्रॉइटमधून बेटी लव्हेट : सोळाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड, १९६५ मध्ये ‘लेट मी डाउन ईझी’. टेक्सासमधून बार्बरा लिन, जी डाव्या हाताने गिटार वाजवायची आणि स्वतःची गाणी स्वतः लिहायची.

विकत घेण्याआधी हे सगळं मोबाइलवर भरपूर ऐका. ज्या आवाजाकडे पुन्हा पुन्हा जावंसं वाटेल त्याचीच रेकॉर्ड शोधा.

सिंगल घ्यावी की एलपी?

या काळासाठी सिंगल. गाणं सिंगलसाठीच बांधलं जायचं, ज्यूकबॉक्सवर आणि गाडीच्या रेडिओवर ठसठशीत वाजेल असं. बऱ्याच गायकांची त्या काळात एलपी निघालीच नाही.

काही सिंगल्स हलक्या आणि कडक लागतात. त्या खोट्या असतात का?

नाही, त्या बहुधा स्टायरीन या ठिसूळ प्लास्टिकच्या असतात. व्हिनाइलची रेकॉर्ड मऊ गोळा दाबून बनवतात. स्टायरीनची, वितळलेलं प्लास्टिक साच्यात सोडून. दुसरी पद्धत स्वस्त आणि वेगवान, म्हणून अमेरिकेतल्या अनेक कारखान्यांनी, उदाहरणार्थ लॉस एंजेलिसच्या मोनार्कने, साठच्या दशकात सिंगल्ससाठी तीच वापरली.

ओळखायचं कसं? कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. स्टायरीनचा आवाज चढा आणि टणक येतो. लेबल बहुधा वरून चिकटवलेलं असतं. कागद सुटत असेल तर स्टायरीन नक्की.

खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की स्टायरीन लवकर झिजतं. दिसायला चकचकीत असलेली प्रतही खरखरते. डीजेने गाण्याची सुरुवात पकडण्यासाठी रेकॉर्ड मागे-पुढे फिरवलेली असेल तर पहिल्या काही सेकंदांत फसफस ऐकू येते. म्हणून स्टायरीनची महाग रेकॉर्ड घेताना ‘दिसते कशी’ यावर समाधान मानू नका; विक्रेत्याकडून वाजवलेला तुकडा मागून घ्या. आणि अशी रेकॉर्ड स्वतः वाकवून बघू नका, ती मोडते.

मूळ छपाई आणि नक्कल कशी ओळखायची?

सत्तरच्या दशकात नाचाच्या क्लबांसाठी भरपूर नकला छापल्या गेल्या, आणि आता त्या नकलाही पन्नास वर्षांच्या जुन्या झाल्या आहेत. त्यामुळे कागद पिवळा पडला आहे यावर विसंबू नका.

सर्वांत आधी लेबल नाही, त्याच्या भोवतीचा गुळगुळीत पट्टा पाहा. शेवटची खोबण संपल्यावर तिथे काही आकडे-अक्षरं कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली असतात. मूळ प्रतीवर ती हाताने कोरलेली की ठशाची, अक्षराचं वळण कसं, हे जाणकारांनी नोंदवून ठेवलेलं असतं. मोनार्कच्या प्रतींवर त्रिकोणाच्या खुणेपुढे एक आकडा असतो. हे आकडे काळानुसार चढत गेले आहेत, त्यामुळे छपाईचा काळ बराच अचूक ठरवता येतो. मूळ रेकॉर्ड स्टायरीनची होती आणि तुमच्या हातातली व्हिनाइलची आहे, तर ती वेगळ्या कारखान्याची असेल किंवा नक्कल असेल. दोन्ही शक्यता तपासा.

मग लेबल. नकलेचं लेबल बहुधा मूळ लेबलचा फोटो काढून छापलेलं असतं, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात आणि रंग किंचित मळकट लागतो. भिंगाखाली हे चटकन कळतं.

डिस्कॉग्स आणि फोर्टीफाइव्हकॅट या संकेतस्थळांवर वेगवेगळ्या छपायांची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहता येतात. मोठी रक्कम मोजण्याआधी ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्या विक्रेत्याला त्या पट्ट्याचं छायाचित्र पाठवायचा कंटाळा येतो, त्याच्याकडून घेऊच नका.

लेबलवर कोणाचं नाव लिहिलंय, कुठे भोक पाडलंय, कुठे ‘विक्रीसाठी नाही’ छापलंय. असं चालतं का?

चालतं. ‘विक्रीसाठी नाही’ म्हणजे रेडिओ केंद्रांना पाठवलेली प्रत. ती बहुधा सर्वांत आधीची छपाई असते आणि अनेकदा जास्त किमतीची. लेबलमधून आरपार गेलेलं बारीक भोक म्हणजे न खपलेला माल सवलतीत काढल्याची खूण. आवाजावर त्याचा काही परिणाम नाही. शाईने लिहिलेली नावं, रेडिओ केंद्राचे शिक्के, तारखा यांनी किंमत थोडी उतरते. मला स्वतःला त्या आवडतात. एखाद्या केंद्रावर अमुक तारखेला ही रेकॉर्ड पोहोचली, हे कधी कधी प्रकाशनाची तारीख ठरवायला उपयोगी पडतं. त्या खोडायचा प्रयत्न करू नका.

व्हीजी, व्हीजी प्लस, एनएम या श्रेणींवर किती विश्वास ठेवावा?

थोडा. रेकॉर्डची अवस्था सांगणाऱ्या या खुणा आहेत. एनएम म्हणजे जवळजवळ नवी. अमेरिकेत व्हीजी प्लस म्हणजे किरकोळ खुणा असलेली, नीट वाजणारी प्रत. ब्रिटनमध्ये जवळपास त्याच अवस्थेला ‘एक्सलंट’ म्हणतात. नुसतं व्हीजी म्हणजे अक्षरार्थाने ‘फार चांगली’ नव्हे. खरखर गाणंभर सोबत करते. त्याखालची ‘गुड’ ही श्रेणी प्रत्यक्षात वाईट असते. अत्यंत दुर्मीळ गाण्यासाठीच तिचा विचार करा.

संथ गाण्यांना वरची श्रेणी हवी. जोरकस ठेक्यात खरखर बुडून जाते. जेम्स कारच्या दोन ओळींमधल्या शांततेत ती उघडी पडते.

महाराष्ट्रात राहून या रेकॉर्ड मिळतात का?

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या आसपास, जुन्या रेकॉर्ड मिळतात. पण तिथे हिंदी चित्रपटसंगीत, शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि बड्या पाश्चात्त्य कलाकारांच्या एलपी शोधायच्या. गोल्डवॅक्स किंवा सॅन्सूची सिंगल तिथे सापडेल या आशेवर शनिवार घालवू नका. ती बाहेरूनच मागवावी लागते.

एकेक सिंगल मागवली तर टपालखर्च रेकॉर्डपेक्षा जास्त होतो. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा निवडून एकत्र मागवणं किंवा दोघा-तिघा मित्रांनी मिळून मागवणं परवडतं. भारतात शिरताना पार्सलवर सीमाशुल्क आणि कर लागतो. दर बदलत राहतात, म्हणून मागवण्याआधी त्या वेळचा दर पाहा आणि तो किमतीत धरूनच ठरवा. विक्रेत्याला किंमत खोटी लिहायला सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच खोट्या आकड्याची मिळते. दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा घालायला मात्र आवर्जून सांगा.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मुलगी, भाचा, वर्गमित्र असेल तर फारच सोयीचं. तिकडच्या पत्त्यावर रेकॉर्ड जमवायच्या आणि कोणी इकडे येणार असेल तेव्हा हातातल्या बॅगेतून आणवायच्या. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक माहिती : जर्सी सिटीत डब्ल्यूएफएमयू नावाचं श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं रेडिओ केंद्र आहे. त्यांच्या रेकॉर्ड-मेळ्यात सोलची मोठी उलाढाल होत आली आहे. तिथे पेट्या चाळत अर्धा दिवस घालवला तर वर्षभर पडद्यावर चाळून येणार नाही इतकी समज येते.

त्यासाठी टर्नटेबल कसं हवं?

एक सावधगिरी सर्वांत आधी. अमेरिकेतून कोणी जुनं टर्नटेबल आणून देणार असेल तर त्याची मोटर कोणती ते विचारा. तिथली वीज ११० ते १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतं, हर्ट्झ नाही. अनेक जुन्या मोटरींचा वेग थेट हर्ट्झवर चालतो. अशी मोटर इथे लावली की मिनिटाला ४५ फेऱ्यांऐवजी साडेसदतीसच होतात, आणि गाणं संथ होऊन साधारण तीन अर्धस्वरांनी खाली उतरतं. त्या मोटरीला ५० हर्ट्झची पुली मिळत असेल तर ठीक, नाहीतर इथलं किंवा युरोपातलं यंत्र घ्या.

अमेरिकन सिंगलच्या मध्ये मोठं भोक असतं, त्यासाठी प्लास्टिकचा किंवा धातूचा अडॅप्टर लागतो. बहुतेक सिंगल्स मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणाऱ्या आहेत. यंत्रावर मोनोचं बटण असेल तर दाबा; निम्मी खरखर तिथेच कमी होते. सुई गोल टोकाची असू द्या, विशेषतः स्टायरीनसाठी. फार महागड्या, अणकुचीदार सुईची इथे गरज नाही.

पावसाळ्यात रेकॉर्ड कशा सांभाळायच्या?

मुंबई, कोकण, गोवा इथे खरा शत्रू बुरशी आहे. ती आधी कागदी पाकिटात येते आणि तिथून खोबणीत उतरते. जून लागण्याआधी जुनी कागदी पाकिटं काढून रेकॉर्ड आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिथिनच्या नव्या पाकिटात ठेवा. लेबलचं नाव छापलेलं मूळ पाकीट असेल तर ते फेकू नका, वेगळं कोरडं ठेवा. पीव्हीसीची जाड, चकचकीत पाकिटं टाळा. उष्णतेत ती रेकॉर्डवर धुकट थर सोडतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको, कारण ओल भिंतीतूनच येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने बदला किंवा वाळवा.

विदर्भ-मराठवाड्यात धास्ती उन्हाची. रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा, तिरप्या नकोत. मे महिन्यात बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

बुरशी धरलीच तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रवसाबणाचा एखादा थेंब घालून मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. लेबल भिजू देऊ नका. स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका. स्टायरीनला ते धोक्याचं आहे, आणि लाखेच्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या तर त्यात विरघळतात.

जुनी रेकॉर्ड विकत घेतल्याने गायकाला काही मिळतं का?

काहीही मिळत नाही. चौदा हजार पौंडांच्या लिलावातलाही एक पैसा गायकाकडे किंवा त्याच्या मुलांकडे जात नाही. डॅरेल बँक्स तर १९७० मध्येच गोळी लागून मेला होता.

म्हणून माझा आग्रह आहे की मूळ प्रतीसोबत अधिकृत पुनर्प्रकाशनंही घ्या. ब्रिटनचं एस आणि त्याचंच केंट, शिकागोचं न्यूमेरो ग्रुप ही लेबलं हक्कदारांशी करार करून काढतात. सोबतच्या पुस्तिकेत गायकाचं चरित्र, वादकांची नावं, स्टुडिओची माहिती असते. न्यूमेरोने २००४ मध्ये ओहायोतल्या कॅपसोल या विसरलेल्या लेबलपासून आपली मालिका सुरू केली. पुनर्प्रकाशनाला कमी लेखणारे संग्राहक भेटतील. त्यांचं ऐकू नका. कित्येकदा मूळ टेपवरून केलेलं पुनर्प्रकाशन झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा जास्त जिवंत वाजतं.

आणि गायक जिवंत असेल तर शोध घेण्याला अर्थ आहे. बेटी लव्हेटने १९७२ मध्ये मसल शोल्समध्ये एक पूर्ण अल्बम गायला होता; कंपनीने तो बासनात गुंडाळला. एका फ्रेंच संग्राहकाने तो मिळवून २००० मध्ये प्रकाशित केला आणि तिची दुसरी कारकीर्द सुरू झाली. हॉवर्ड टेटला तर लोक मेलेला समजत होते. न्यू जर्सीतला एक रेडिओ निवेदक त्याला शोधत राहिला, २००१ मध्ये तो सापडला, आणि २००३ मध्ये रॅगोव्हॉयबरोबर त्याने पुन्हा अल्बम केला.

संग्रहाची नोंद कशी ठेवावी?

वहीत ठेवा किंवा संगणकावर, पण पहिल्या दिवसापासून ठेवा. गायक, दोन्ही बाजूंची गाणी, लेबल आणि क्रमांक, गुळगुळीत पट्ट्यावरची सगळी अक्षरं जशीच्या तशी, व्हिनाइल की स्टायरीन, अवस्था, कुठून आणि कितीला घेतली. लेबलवर कंसात बारीक अक्षरात गीतकाराचं नाव असतं आणि खाली निर्मात्याचं, तेही उतरवा. पुष्कळ गायकांचा माग त्याच नावांवरून लागला आहे. दोन्ही लेबलांची सरळ उजेडात छायाचित्रं काढा. तुमच्याकडची छपाई सार्वजनिक सूचीत नसेल तर ती माहिती तिथे भरा, आणि गायकाच्या नावाचं स्पेलिंग लेबलवर आहे तसंच ठेवा. ते चुकलेलं आहे अशी खात्री असली तरी दुरुस्ती शेऱ्यात लिहा, मूळ नोंदीत नको.